एका डोंगरी शेतकऱ्याचे कागद

इतिहासात नाव राहावयाचे तर माणसाने राज्य करावे, लढाई मारावी, ग्रंथ लिहावा, नाही तर निदान फासावर तरी जावे. ज्याने यांतले काहीच केले नाही, जमीन नांगरली, मुले वाढविली आणि वेळ आली तेव्हा मुकाट्याने डोळे मिटले, अशा माणसाचे चरित्र लिहावे कोणी, आणि लिहावयाचे म्हटले तर कोणत्या आधारावर? जगातील बहुतेक माणसे अशीच जगली आणि अशीच गेली. तेव्हा हा प्रश्न आडबाजूचा म्हणून सोडून देता येत नाही.

आज मी आपल्यापुढे अशाच एका माणसाला उभा करणार आहे. त्याचे नाव जॉन ऑलिव्हर. जन्म १७९३, मृत्यू १८६३. अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या पूर्व सरहद्दीवर, अ‍ॅपलेशियन पर्वताच्या एका खोऱ्यात, त्याने सुमारे पंचेचाळीस वर्षे शेती केली. एवढ्या दूरचा शेतकरी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की त्याच्याविषयी दोन तऱ्हेचा पुरावा शेजारी शेजारी मांडता येतो. एक, सरकारने, कचेऱ्यांनी आणि चर्चने आपापल्या कामासाठी लिहिलेला. दुसरा, त्याच्या मुलानातवंडांनी सांगत सांगत जपलेला. हे दोन्ही पुरावे एकमेकांना जागोजाग अडवितात. आपल्याकडे राजवाड्यांनी गावोगाव हिंडून माळ्यांवरची आणि अडगळीतली दप्तरे बाहेर काढली, तेव्हापासून घरातल्या कागदाची किंमत मराठी माणसाला निराळी समजावून सांगावयास नको. येथे मात्र एक अडचण अशी आहे, की या शेतकऱ्याच्या घरात दप्तर असे नव्हतेच.

प्रथम जागा पाहू. अ‍ॅपलेशियन ही अतिशय जुनी, झिजून गोल झालेली पर्वतरांग. तिच्या दक्षिण भागात, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी नावाचे डोंगर आहेत. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये सपाट जमीन अशा जागेला तिकडे ‘कोव्ह’ म्हणतात. मावळातल्या माणसाला खोरे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्याचाच हा भाऊबंद समजा. आपल्या खोऱ्याचे नाव केड्स कोव्ह. येथे एक चमत्कार झालेला आहे. फार प्राचीन काळी जुना खडक नव्या चुनखडीवर चढला आणि पुढे तो वरचा थर मधोमध झिजून खालची चुनखडी उघडी पडली. त्यामुळे आजूबाजूच्या उतारांवर जेमतेम पीक येते, आणि या तळातली जमीन मात्र सुपीक. सगळी भांडणे आणि सगळी कागदपत्रे अखेर या सुपीकपणातून निघालेली आहेत.

या डोंगरांतल्या माणसांविषयी अमेरिकेतील शहरी लोकांच्या मनात एक ठराविक चित्र होते. विल्यम गुडेल फ्रॉस्ट यांनी १८९९ साली एक लेख लिहून या मंडळींना ‘आपले समकालीन पूर्वज’ ठरविले. म्हणजे हे लोक आजचे असूनही शंभर वर्षे मागे थांबलेले. होरेस केफर्ट यांचे १९१३ सालचे पुस्तक लोकप्रिय झाले आणि ते चित्र अधिकच पक्के बसले: दारू गाळणारा, बंदूक बाळगणारा, जगाशी संबंध नसलेला डोंगरी मनुष्य. ज्याला जगाशी संबंध नाही त्याला इतिहासही नाही, हे ओघानेच आले. हे चित्र खोडून काढण्याचे काम ड्यूरवुड डन या इतिहासकाराने केड्स कोव्हवरील आपल्या १९८८ सालच्या ग्रंथात केले, आणि ते मोठ्या आवाजात वाद घालून केले नाही. शिरगणतीचे तक्ते, चर्चची वही, खरेदीखते आणि ऑलिव्हर घराण्यातल्या आठवणी एकापुढे एक ठेवून केले.

आता या कागदांकडे वळू. शेतकऱ्याच्या घरात पुस्तक असलेच तर ते बायबल. जुना करार आणि नवा करार यांच्या मध्ये छापणारे लोक काही कोरी पाने घालीत. त्यांवर घरातले जन्म, विवाह आणि मृत्यू लिहावयाचे. पिढ्यान्‌पिढ्या हेच त्यांचे जन्ममृत्यूचे रजिस्टर. पण कागद देवाच्या ग्रंथात असला म्हणून तो खरा असतोच असे नाही. जाणता संशोधक आधी नोंद वाचीत नाही, मुखपृष्ठ उलटून बायबल छापल्याचे साल पाहतो. पुस्तक १८४० सालचे आणि त्यात १७९३ सालचा जन्म, म्हणजे ती नोंद मागाहून, कोणाच्या तरी स्मरणातून उतरलेली. मग तो शाई पाहतो. दहा मुलांचे जन्म एकाच शाईत आणि एकाच हाताने, तर ते एका बैठकीत लिहिले. प्रत्येक जन्म वेगळ्या शाईत, अक्षर हळूहळू थरथरू लागलेले, आणि मध्येच कोठे दुसऱ्याचा हात सुरू झालेला, तर ती वही खरोखर जगण्याबरोबर चाललेली. नोंदीतल्या शब्दांपेक्षा शाईने अधिक सांगितले, असे कितीदा तरी घडते.

जॉन ऑलिव्हर केड्स कोव्हमध्ये आला तो १८१८ साली. हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. पण त्या वर्षी पेशवाई बुडाल्याची वार्ता त्या डोंगरात पोहोचण्याचे कारण नव्हते. टेनेसीतील कार्टर परगण्यातून जॉन, त्याची बायको ल्युरेना आणि एक तान्ही मुलगी अशी तिघे निघाली. त्यांना या खोऱ्याची वाट दाखविणारा जोशुआ जोब नावाचा ओळखीचा गृहस्थ बरोबर होता. घराण्यातली हकीकत अशी सांगतात: जोब परत गेला आणि हे कुटुंब मागे राहिले. पेरणीचा हंगाम टळून गेलेला. घरात धान्य नाही, जवळपास शेजारी नाही, आणि डोंगरातला हिवाळा तोंडावर. तो हिवाळा त्यांनी काढला तो वाळविलेल्या भोपळ्यावर, आणि तो भोपळा दिला चेरोकी लोकांनी. १८१९ च्या वसंतात जोब गुरांचा कळप घेऊन परत आला, आणि उपाशी राहिलेल्यांचा राग शांत व्हावा म्हणून त्याने दोन दुभत्या गाई दिल्या.

ही गोष्ट कोणत्याही सरकारी कागदावर नाही. भोपळ्याची पावती कोण करतो? ती ल्युरेनाच्या आठवणीत राहिली आणि तिच्या तोंडून पुढच्या पिढ्यांच्या कानी गेली. हिवाळ्यात भोपळ्याच्या चकत्या कापून, दोरीला ओवून, चुलीवर टांगून वाळविण्याची चाल त्या भागात आहेच. तेव्हा हकीकत अशक्य तर मुळीच नाही. शिवाय घराण्याच्या आठवणी बहुधा स्वतःची बढाई सांगतात, आणि ही गोष्ट बढाईची नाही. आपण परक्याच्या दारी जगलो, ही कबुली कोणी हौसेने रचीत नाही. म्हणून मी तिला मोठा मान देतो.

घराणे मात्र तिच्याच शेजारी आणखी एक गोष्ट सांगते: जॉन ऑलिव्हर हा या खोऱ्यातला पहिला कायमचा गोरा रहिवासी. येथे कागद बोलू लागतात, आणि ते अडचणीचे बोलतात. १८१८ साली हे खोरे अमेरिकन सरकारच्या हिशेबीसुद्धा चेरोकींचे होते. चेरोकींनी स्मोकी डोंगरांवरचा हक्क सोडला तो फेब्रुवारी १८१९ च्या तहाने. वॉशिंग्टन येथे युद्धखात्याचे सचिव कॅल्हून यांनी तो तह केला. म्हणजे जॉनने झोपडी घातली तेव्हा तो दुसऱ्याच्या जमिनीवर बसला होता, आणि ज्यांच्या जमिनीवर बसला होता त्यांनीच त्याला जगविले. पुढे कायदेशीर जमीन घेण्यातही तो पहिला नाही. १८२१ साली विल्यम टिप्टन नावाच्या, अमेरिकन राज्यक्रांतीच्या युद्धात लढलेल्या गृहस्थाने खोऱ्यातल्या मोठमोठ्या जमिनी घेतल्या आणि मुलाबाळांना, नातेवाइकांना विकल्या. जॉन ऑलिव्हरने आपली जमीन घेतली ती १८२६ साली. घराच्या सांगण्याप्रमाणे १८१८, खरेदीखताप्रमाणे १८२६. या दोहोंमधली आठ वर्षे तो राहत होता, कसत होता, मुले होत होती. पण दस्ताच्या दृष्टीने तो तेथे नव्हताच. कूळ कायद्याची भाषा ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना या आठ वर्षांचा अर्थ लगेच उमगेल.

आणि ‘पहिला’ या शब्दाचे काय? चेरोकी या जागेला त्सियाही म्हणत. पाणमांजरांचे ठिकाण असा त्याचा अर्थ. खोऱ्याचे आजचे नाव केड नावाच्या चेरोकी नायकावरून पडले असे मानतात. खोऱ्यातून वाहणारा अब्राम्स ओढा दुसऱ्या एका चेरोकी नायकाचे नाव सांगतो. ज्या खोऱ्याचे नाव आणि ज्या ओढ्याचे नाव आधीच ठरलेले होते, तेथे जॉन पहिला आला असे म्हणावयाचे तर ‘गोरा’ हा शब्द अगदी ठळकपणे उच्चारावा लागतो.

आणखी एक दुवा आहे. जॉन १८१२ च्या युद्धातला शिपाई. अँड्र्यू जॅक्सनच्या हाताखाली तो हॉर्सशू बेंडच्या लढाईत होता असे त्याच्याविषयी सांगतात. २७ मार्च १८१४ ची ही लढाई क्रीक नावाच्या आदिवासी राष्ट्राविरुद्ध झाली. त्या दिवशी शेकडो चेरोकी योद्धे जॅक्सनच्या बाजूने लढले. नदी पोहून पलीकडे जाऊन शत्रूच्या होड्या त्यांनी आणल्या आणि मागून हल्ला चढविला, म्हणून लढाईचा रंग पालटला. त्याच जॅक्सनने पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८३० साली पूर्वेकडील आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे घालविण्याच्या कायद्यावर सही केली. १८३८ साली चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात घरांतून बाहेर काढण्यात आले. सुमारे १६ हजार माणसे निघाली, आणि त्या वाटेवर व छावण्यांत सुमारे ४ हजार मेली असा अंदाज केला जातो. काही थोडे नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूच्या डोंगरांत टिकून राहिले. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. १८१८ च्या हिवाळ्यात भोपळा देणारी माणसे कोण, आणि वीस वर्षांनी ती कोणत्या बाजूला होती, हे कोणत्याही कागदावरून कळत नाही.

शिरगणतीविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते. तेव्हा सामान्य माणूस तीत तरी सापडेलच, असे आपल्याला वाटते. पण १८४० पर्यंतच्या तक्त्यांत नाव असते ते फक्त कुटुंबप्रमुखाचे. बाकीचे सगळे आकडे. पाच वर्षांखालील मुलगे इतके, वीस ते तीस वयाच्या स्त्रिया इतक्या. जॉन ऑलिव्हर हे नाव लिहिलेले, आणि ल्युरेना म्हणजे एका चौकटीतला एकाचा आकडा. स्वतंत्र माणसांपैकी प्रत्येकाचे नाव लिहिण्यास सुरुवात झाली ती १८५० पासून. त्या वर्षी ल्युरेना पंचावन्न वर्षांची होती. गुलामांचे तक्ते त्याच वर्षी निराळे केले, आणि त्यांत बहुतेक सगळीकडे मालकाचे नाव आहे, गुलामाचे नाही. वय, लिंग, रंग एवढेच. ‘कर न देणारे इंडियन’ तर मुळात मोजावयाचेच नाहीत असा नियम होता. चेरोकींची कसून मोजदाद सरकारने केली ती १८३५ साली. घर, कसलेली जमीन, पिकलेला मका, सगळे लिहून घेतले. मोजली गेलेली माणसे भरली १६ हजारांवर. ही मोजदाद कशासाठी होती, ते वर सांगितलेच आहे. ज्याला काढावयाचे त्याचेही कागद सरकार फार नेटके ठेवते.

१८५० च्या शिरगणतीबरोबर शेतीचाही एक तक्ता भरून घेतलेला आहे, आणि शेतकऱ्याचे चरित्र लिहिणाराला याहून सुंदर कागद नाही. नांगरटीखालची जमीन किती, पड किती. घोडे, दुभत्या गाई, नांगराचे बैल, मेंढ्या, डुकरे. मका, गहू, ओट. मध, मेण, लोणी. घरी विणलेल्या कापडाची किंमत. कापलेल्या जनावरांची किंमत. लोण्याच्या आकड्यापाशी थांबावे. लोणी घुसळले कोणी? कापड विणले कोणी? तक्त्याच्या डावीकडे पुरुषाचे नाव आहे, पण त्या आडव्या ओळीतले काही आकडे बायकांच्या हातचे आहेत. एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे: वर्षाला शंभर डॉलरांपेक्षा कमी उत्पन्नाची शेते या तक्त्यात घेतलीच नाहीत. सगळ्यांत गरीब तो येथेही बाहेरच.

या कागदांवरून दिसणारा डोंगर केफर्टच्या डोंगराहून अगदी निराळा आहे. केड्स कोव्हमध्ये १८२७ साली डॅनियल फाऊटने लोखंड गाळण्याची भट्टी घातली. १८३३ साली पोस्ट ऑफिस आले. पीटर केबल नावाच्या शेतकऱ्याने बांध आणि पाट काढून पश्चिमेकडची दलदल कोरडी केली. उन्हाळ्यात गुरे डोंगरमाथ्यावरच्या गवताळ पठारांवर चरावयास नेत. डुकरे जंगलात मोकळी सोडीत, आणि ती चेस्टनट खाऊन माजत. कोणाचे डुक्कर कोणते हे कळावे म्हणून त्यांच्या कानांना वेगवेगळ्या खाचा पाडीत, आणि टेनेसीच्या परगण्यांत ही कानखूण कचेरीत नोंदविण्याची रीत होती. ज्या माणसाचे चित्र नाही, पत्र नाही, सहीच्या जागीही कधी नुसती फुली, त्याच्या डुकराच्या कानाची खूण मात्र दफ्तरात सुरक्षित आहे! १८५० साली खोऱ्यात ६७१ माणसे होती. पुढच्या दहा वर्षांत ती निम्म्याहून खाली आली, कारण लोक आणखी पश्चिमेकडे नव्या जमिनींच्या ओढीने निघून गेले. शंभर वर्षे जागेवर थिजून बसलेला समाज असा हलत नाही.

आता चर्चची वही. १८२७ साली येथे बॅप्टिस्ट चर्च स्थापन झाले आणि ऑलिव्हर कुटुंब आरंभापासून त्याच्या मध्यभागी होते. धर्मप्रसारासाठी संस्था आणि मंडळे काढावी काय, यावर १८३९ साली फूट पडली. अशा संस्थांना बायबलात आधार नाही असे म्हणणारे बहुसंख्य होते. त्यांनी तेरा जणांना बाहेर घालविले आणि थोड्याच काळाने आपल्या चर्चला ‘प्रिमिटिव्ह’, म्हणजे मूळचे, असे नाव घेतले. तेरा माणसे म्हणजे फार नव्हेत. पण एवढ्याशा खोऱ्यात तेरा माणसांशी बोलणे तुटले म्हणजे काय होते, हे गावात राहिलेल्याला सांगणे नलगे. हे चर्च देऊळही होते आणि पंचायतही होती. दारू, भांडण, खोटे बोलणे, सगळ्यांची चौकशी तेथे चाले. आणि अशा चर्चांच्या वह्यांत स्त्रिया स्वतःच्या नावाने येतात. सरकारने जिला एका आकड्यात बसविले तिला चर्चने ‘भगिनी’ म्हणून नावानिशी लिहिले. तिच्यावर ठपका ठेवावयाचा तरी नाव लागतेच.

या वहीचे सगळ्यांत बोलके पान कोरे आहे. १८६१ साली यादवी युद्ध पेटले. टेनेसी राज्य दक्षिणेकडे गेले, पण पूर्व टेनेसीने फुटून निघण्याच्या विरुद्ध दोनास एक या प्रमाणात मत दिले होते. केड्स कोव्ह बहुतांशी संघराज्याच्या बाजूचे. डोंगरापलीकडून, नॉर्थ कॅरोलायनातून, बंडखोरांच्या टोळ्या येत. गुरे नेत, धान्य नेत, माणसे मारीत. जॉनचा मुलगा एलायजा हा युद्धाचा बराच काळ डोंगरात लपून होता. त्याच दिवसांत, १८६३ साली, जॉन वारला. चर्चच्या सभा बंद पडल्या आणि वहीतल्या नोंदीही थांबल्या. युद्धानंतर लिहिणाराने खुलासा केला तो अगदी साध्या भाषेत: बंडामुळे सभा झाल्या नाहीत, आम्ही संघराज्याची माणसे, आणि येथे बंडखोरांचा जोर फार, आमच्या धर्मोपदेशकाला मधून मधून निघून जावे लागे, आता देवाच्या कृपेने आम्ही पुन्हा जमू शकतो. जॉनचा शेजारी रसेल ग्रेगरी याचा एक मुलगा दक्षिणेच्या बाजूला गेला होता, म्हणून तो आरंभी तटस्थ राहिला. १८६४ साली मात्र त्याने खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांना गोळा करून एका टोळीला ओढ्याकाठी गाठले आणि पिटाळून लावले. दोन आठवड्यांनी बंडखोर चोरपावलांनी परत आले आणि त्यांनी त्याला ठार केले. चर्चच्या आवारातल्या त्याच्या थडग्यावर, नॉर्थ कॅरोलायनाच्या बंडखोरांनी खून केला, असे कोरलेले आहे. इतका राग दगडावर क्वचितच पाहावयास मिळतो.

युद्धात काय काय गेले, याची यादी कोठे मिळेल? १८७१ साली सरकारने एक क्लेम्स कमिशन नेमले. दक्षिणेतल्या संघराज्यनिष्ठ शेतकऱ्यांकडून संघराज्याच्या सैन्याने घेतलेल्या मालाची भरपाई करणे, हे त्याचे काम. २२ हजारांवर अर्ज आले. घोडा कोणत्या रंगाचा, कुंपणाच्या फळ्या किती जाळल्या, शेजाऱ्याने साक्ष काय दिली, असा एकेका शेताचा संसार त्या अर्जांत पसरलेला आहे. पण नियम पाहा. माल संघराज्याच्या सैन्याने नेला असेल तरच भरपाई. बंडखोरांनी लुटले त्याचा अर्ज चालत नाही. केड्स कोव्हला नागविले ते मुख्यतः बंडखोरांनी. म्हणून ज्या खोऱ्याने निष्ठेपायी अधिक सोसले त्याच्या नुकसानीचा कागदच तयार झाला नाही. पुरावा नाही म्हणजे घटना नाही असे समजणाराने हे एक उदाहरण जवळ बाळगावे.

जॉन गेला, पण ल्युरेना पुढे पंचवीस वर्षे जगली. १८८८ साली, त्र्याण्णव वर्षांची होऊन वारली. नवऱ्यामागे बायकोचे काय होई, हे अशा भागांतल्या मृत्युपत्रकांच्या फायलींत दिसते. परगण्याच्या कोर्टाने नेमलेले लोक घरात येत आणि भांडीकुंडी, खाटा, कुऱ्हाडी, डुकरे यांची किमतीसह यादी करीत. कायद्याने सगळे नवऱ्याचे. विधवेला वर्षभर पुरेल इतके धान्य आणि मांस बाजूला काढून देत, उरलेल्याचा लिलाव. त्या लिलावाच्या याद्या वाचताना घेणाऱ्यांच्या नावांत मृताच्या बायकोचे नाव येते: एक कढई, एक चरखा. आपल्याच चुलीवरची कढई तिने विकत घेतलेली असते.

१८१२ च्या युद्धातल्या शिपायांना आणि विधवांना पेन्शन देण्याचे कायदे १८७१ आणि १८७८ साली झाले. ल्युरेना तेव्हा हयात होती. अशा अर्जांना लग्न सिद्ध करावे लागे. लग्नाचा दाखला नसला तर साक्षीदार आणावे लागत, आणि जुन्या युद्धांच्या पेन्शन-फायलींत घरच्या बायबलातली फाडून पाठविलेली पाने आजही सापडतात. घरात राहिली असती तर ती पाने कदाचित आगीत किंवा पुरात गेली असती. म्हातारीच्या गरजेने ती वॉशिंग्टनला गेली आणि वाचली. आणि या बाईचे नाव तरी काय? कोठे ल्युरेना, कोठे ल्युक्रेशिया. दोन्ही नावे छापील पुस्तकांतून आणि पाट्यांवरून आजही चालतात. लिहिणारा कारकून ऐकेल तसे लिही, वाचणारा वाचेल तसे उतरवी. भोपळ्याची गोष्ट जिने जतन केली तिचे नाव निश्चित नाही, आणि नवऱ्याच्या नावात एका अक्षराचा फरक नाही. मी वर ल्युरेना हेच रूप वापरले आहे.

या हकीकतीचा शेवटचा भाग विसाव्या शतकातला आहे, पण तो सोडला तर हे घराण्याचे कागद जपले का गेले हे समजणार नाही. ग्रेट स्मोकी डोंगरांत राष्ट्रीय उद्यान करावयाचे ठरले. केड्स कोव्हच्या लोकांना आरंभी सांगण्यात आले, की तुमच्या जमिनी घेणार नाही. तेव्हा त्यांनी उद्यानाचे स्वागतच केले. १९२७ साली टेनेसीच्या विधिमंडळाने कायदा केला, आणि त्यात सक्तीने भूसंपादन करण्याचा अधिकार ठेवला. जॉनचा पणतू जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर हा सुधारक वृत्तीचा शेतकरी. खोऱ्यात टपालही तोच वाटीत असे. १९२९ साली त्याच्यावर संपादनाचा दावा लागला. तो लढला, आणि पहिल्या फेरीत जिंकला: हे खोरे उद्यानाला आवश्यक आहे असे केंद्र सरकारने कोठे म्हटले आहे, असे कोर्टाने विचारले. मग अंतर्गत खात्याच्या सचिवांनी तसे म्हटले, आणि दुसऱ्या दाव्यात तो हरला. पुढे किमतीसाठी तो पुन्हा पुन्हा कोर्टात गेला. एकेक वर्षाच्या भाडेपट्ट्याने आपल्याच जमिनीवर राहिला, आणि १९३७ सालच्या नाताळच्या दिवशी खोरे सोडून गेला. १८२६ चे खरेदीखत शंभरांवर वर्षे अखंड घराण्यात होते. त्यात खोट काढण्याची गरजही कोणाला पडली नाही. या पणतूने आणि त्याच्यामागून घराण्यातल्या मंडळींनी आठवणी लिहून ठेवल्या त्या मुख्यतः या लढ्यानंतर. जमीन गेल्यावर लिहिलेल्या आठवणीत ‘आम्ही पहिले’ या शब्दांना जरा अधिक जोर चढणारच, हे वाचणाराने मनात धरून चालावे. भोपळ्याची गोष्ट त्यांनी तरीही गाळली नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारे आहे.

उद्यानखात्याने पुढे खोऱ्यातली नव्या पद्धतीची घरे बहुतेक पाडून टाकली, आणि ओंडक्यांच्या जुन्या झोपड्या व गोठे तेवढे ठेवले. प्रेक्षकांना आद्य वसाहतीचे चित्र दिसावे असा हेतू होता. दरवर्षी लाखो माणसे मोटारीतून अकरा मैलांचा फेरा घालतात, आणि पहिल्याच थांब्यांपैकी एकावर जॉन ऑलिव्हरची झोपडी पाहतात. तारेचे टेलिफोन १८९० नंतर या खोऱ्यात आलेले होते, पण ते दिसत नाहीत. प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्चची मंडळी मात्र उद्यानखात्याला न जुमानता तेथे जमत राहिली, ती १९६० नंतरच्या काही वर्षांपर्यंत. त्या चर्चच्या आवारातच जॉन आणि त्याची बायको यांची थडगी आहेत, रसेल ग्रेगरीच्या थडग्यापासून काही पावलांवर.